सहा पडले, तरी बाद

हातात आलेला आकडा फेकून देण्यात आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना भलतीच मजा यायची. मंगरूळपीरला बसस्टँडमागे त्यांचा क्लास होता. तिथं शिकलेल्या पोरी आजही त्यांना ‘बादवाले सर’च म्हणतात.

प्रोग्रामनं एक ते चारमधला कुठलाही आकडा पक्षपात न करता कसा काढायचा, हे ते फाशावर शिकवायचे. फाशाला सहा बाजू, आम्ही पोरी चौघी. पाच पडले की आम्ही गोल मोजत पुन्हा पहिलीवर यायचो, सहा पडले की दुसरीवर. प्रोग्राममध्येही तसंच, चारनं भागून बाकी घेतली की झालं! सर कपाळावर हात मारायचे.

“अवो बाई, पयल्या दोघींचे दोन-दोन चान्स अन् बाकीच्यांचा एकच? हा कुठचा न्याय व्हय? पाच-सहा बाद! पुना टाक!”

“अन् पुना सहाच पडले तं?” मी विचारायची.

“तं पुना टाक. तुले कोनती एसटी पकडाची हाय?”

मी आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावची. मला खरंच एसटी पकडायची असायची.

एकदा पुण्याच्या ट्रेनिंगसाठी क्लासला एकच जागा मिळाली, आणि चौघींचे मार्क सारखे. सरांनी फासा काढला. दुसरा नंबर छायाचा, म्हणजे सरांच्याच लेकीचा. तिसरा माझा. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. ही जागा हुकली की शिक्षण संपलंच.

सहा पडले. “छाया!” पोरी सवयीनं ओरडल्या. छाया उठली, बेंच करकरला.

“बाद,” सर म्हणाले.

पुन्हा टाकला. तीन! आई गं, मी तर भोकाडच पसरलं.

आता मी पुण्यात नोकरी करते. मर्यादेबाहेरचा आकडा आला की माझा प्रोग्राम तो बिनधास्त फेकून देतो आणि नवा मागतो. सर गेल्या उन्हाळ्यात वारले. त्यानंतर मी भेटायला गेले, तेव्हा छाया क्लासमध्येच होती. आता तीच चालवते. मी तिच्याशेजारी बेंचवर बसले.

ती म्हणाली, “मी लय भांडली व बाबासंग. लेकीपाई एक डाव गोल मोजलं असतं तं काय बिघडलं असतं, म्हनलं. तं मले म्हने, माह्याबी मनात आलं होतं, छाया. पन ते मालेगाववाली माह्या भरोशावर डोये मिटून बसली होती. तिनं पाह्यलंच नाई माह्याकडे.”