खुळखुळ्यावरची पाखरं

“हनुवटी जरा खाली घ्या,” असं मी त्या फुलपाखराला म्हणालो. दुकानातली सवय. भिंगाची टोपी उचलली, मनात मोजलं, टोपी लावली, आणि मग लक्षात आलं की काचेपुढची झडप ओढायचीच राहिली. फुलपाखरू केव्हाच वेंगुर्ल्याच्या हवेत.

आमच्या वेळी फोटो काचेवर निघे. फोटोचा मसाला लावलेली काच चपट्या पेटीत घालायची, झडप ओढायची, टोपी उचलायची, आणि समोरच्यानं तोवर दगड व्हायचं. हसलं की चेहरा पुसला. म्हणून बेळगावच्या माझ्या स्टुडिओत कायदा एकच: हलू नका, हसू नका.

दिवाळीनंतर आम्ही मेहुणीकडे समुद्रावर आलो होतो. निघताना दोघांना शब्द देऊन बसलो होतो. हायस्कूलच्या सायन्सच्या सरांना फुलपाखराचा फोटो, आणि बायकोला तिचा. गावभरच्या बायकांचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. सोनाराच्या बायकोचे कान मोकळे, तसं.

काचा मोजक्याच आणलेल्या. फुलपाखरांमागे धावता धावता एक उरली.

“ती माझी,” बायको म्हणाली. “तिला पाखराचा वारा लागला तर याद राखा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं, पुढं इरकल नेसलेली बायको. वाळू संपते तिथं खुळखुळ्याची झुडपं होती. वाऱ्यावर त्याच्या वाळक्या शेंगा वाजतात. त्या दिवशी वारा होता, आवाज नव्हता. जवळ गेलो. फांद्यांवर पानं दिसतच नव्हती. शेकडो फुलपाखरं मिटल्या पंखांनी लोंबत होती. काळ्या पंखांवर आभाळी रेघा, रेघांवर दहिवर. फांद्या त्या भारानं वाकलेल्या. मी टोपी काढली. भिंगाची नव्हे, डोक्यावरची. देवळातसुद्धा काढत नाही.

“अहो,” ती कुजबुजली, “बघा की, जरा म्हणून हलंनात. तुमच्या गिऱ्हाइकावानी.”

“एकच काच आहे गं.”

तिनं झुडपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “मी मधी हुबी ऱ्हाते. घ्या डोक्यावर कापड.”

मी झडप ओढली. ओढल्याची तीनदा खात्री केली. “हलू नका,” म्हणालो, टोपी उचलली. तेवढ्यात एक पाखरू फांदीवरून तिच्या पदरावर उतरलं आणि चालत चालत मानेपाशी गेलं. तिनं मान वळवली आणि हसली. आवाज नाही, पण नखशिखांत. टोपी लावायला माझा हात उठेना.

कशीबशी लावली आणि ऊन आलं. सगळं झुडूप उघडलं, आणि उठलं. आमच्या डोक्यावरून, अंगावरून, समुद्राकडं. कॅमेऱ्यातल्या काचेवर जग उलटं दिसतं. उभा जन्म मी ते तसंच पाहिलेलं. त्या दिवशी सुलटं पाहिलं.

बेळगावला घरी येऊन काच धुतली. फुलपाखरं अप्रतिम. मधे बायको, आणि चेहऱ्याच्या जागी हसण्याचा पांढरा फराटा. सर खूश. “रेघन् रेघ आलीय! पण मधे हे कोण हललं हो?”

एका काचेवर दोन गिऱ्हाइकं घेऊ नयेत, एवढं शिकलो. फोटो बायकोपुढं ठेवला आणि बोलणी खायला तयार राहिलो. तिनं तो उचलला आणि माझ्याकडं पाठ करून खिडकीशी नेला.

“रुसलीस?”

“का म्हून? दुकानात एवढ्या बायका टांगल्यात, एक तरी हसतीया का? ही दर्शनी लावा.”