अफसानाचा मुका लॅपटॉप

वलवणच्या अफसानाची नजर दहाव्या वर्षी गेली. आता ती चौतिशीची आहे. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. तिचा लॅपटॉप विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो आणि पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवतो. सोमवारी त्यानं अपडेट घेतलं आणि तो मुकाच झाला.

लोणावळ्याचा दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, स्क्रीन चालू आहे. सगळं ओके आहे."

"स्क्रीन तुमच्यासाठी चालू आहे. माझ्यासाठी हा दगड झालाय!"

"मग विंडोज टाकून देतो."

तिनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि तडक घर गाठलं. तिच्या बोलक्या फोननं पाच-सहा उपाय वाचून दाखवले. प्रत्येकात तेच, पडद्यावर काय दिसतं ते बघा. अफसाना रडकुंडीला आली.

तेवढ्यात औंढ्याहून दूध घालायला हिरामावशी आल्या.

"मावशी, जरा बसा. मी बटणं दाबते, तुम्ही दिसेल ते सांगा."

"अगं, मला विंग्रजी कुटं येतंय?"

"नुसते आकार सांगा."

अफसानानं अंदाजानं आवाजाच्या सेटिंगची कमांड टाइप केली.

"उभ्या पट्ट्या आल्या बग. काहींच्या बुडाला जोडीनं डोंगर काडल्यात."

डोंगर? लहानपणी पाहिलेली अक्षरं अफसानानं मनात फिरवली. एम! म्हणजे म्यूट. "मेल्या अपडेटनं आवाजच बंद करून ठेवलाय!"

तिनं एमचं बटण दाबलं.

"डोंगर गेलं, दोन भोपळं आलं."

तरी आवाज नाही. अफसानानं टेबलावर हात आपटला. "आता आणखी काय हवंय ह्याला?"

"अगं, पल्याडच्या पट्टीखाली अजून डोंगर हायेत. ती पट्टी रिकामीच हाय."

अफसाना बाणाच्या बटणानं तिथं सरकली, एम दाबला आणि वरचा बाण दाबून धरला.

"चढली... हिरवी... आता तांबडी..."

लॅपटॉप एकदम केकाटला. मावशी दचकल्या. "हा रोज असाच खेकसतो व्हय तुज्यावर?"

"खेकसू दे," अफसाना डोळे पुसत म्हणाली.

तिनं सेटिंग जतन केली, खात्रीसाठी लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा तो बोलला. मावशी अजून बसूनच होत्या.

"माजं नाव म्हनायला सांग की त्याला."

अफसानानं टाइप केलं. "हिरा," लॅपटॉप घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मावशी म्हनायचं, मेल्या," मावशींनी त्याला दटावलं.