भरल्या विहिरीचा खुलासा

झिंगू शाहिराची पदं सोपी नव्हती. कुरखेड्याच्या पलीकडं, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, वसलेल्या त्या गावात ती सगळ्यांना तोंडपाठ होती. पण पाठ असणं वेगळं आणि समजणं वेगळं. शाहीर जलशात पद म्हणायचा, लोक माना डोलवायचे आणि घरी जाताना एकमेकांना विचारायचे, "का म्हने गा तो?" शाहीर गेला त्याला पन्नास वर्षं होत आली. त्या पदांचा अर्थ सांगणारा त्याच्यामागं एकच माणूस उरला, तो म्हणजे सोमाजी.

तरुणपणी सोमाजी शाहिराच्या मागं उभा राहून झील धरायचा. बाकीचे झिलकरी सूर धरायचे, हा शंका धरायचा. कार्यक्रम संपला की विचारायचा, "दादा, ह्या ओळीत दिवा म्हंजे कोन?" शाहीर आधी वैतागायचा, मग सांगायचा. पुढं सोमाजी पोस्टात लागला. सायकलला थैली अडकवून चौदा गावं फिरला आणि चिठ्ठ्यांसोबत पदांचा खुलासाही वाटत राहिला. खुलासा हाच त्याचा शब्द. पावसाळ्यात वर्षावास लागला की दर अष्टमी-पौर्णिमेला विहारात वंदना व्हायची, ग्रंथाचं वाचन व्हायचं, एक पद व्हायचं, आणि मग माणसं सरसावून बसायची. "आता खुलासा होऊ द्या, भाऊ."

सोमाजीभाऊंची रीत अशी की शब्दाचा अर्थ ते सरळ सांगतच नसत. 'दिवा विझला तवा घर दिसलं' ही ओळ एकदा कुणालाच उलगडेना. भाऊंनी विहारातले दिवे बंद करायला लावले, बॅटरी पेटवली आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या ऐन डोळ्यांसमोर धरली. "का दिसते?"

"बॅटरीच दिसून राह्यली."

"भिंत?"

"नाई."

"हे तुहं ज्ञान आहे, बाप्पा. डोळ्यासमोर धरून चालशील तं तेच दिसन. थोडं खाली धर, का घर दिसते."

त्या दिवशी विहारात होती ती माणसं म्हातारी झाली, पण ती ओळ विसरली नाहीत.

सगळ्या गावाला खुलासे ठाऊक होते, एक त्यांच्या घरधनिणीला सोडून. रुखमाबाई श्रद्धेची बाई. पहाटे आंघोळ करून तसबिरींपुढं मेणबत्ती लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. विहाराची एक पौर्णिमा तिनं चुकवली नाही. पण साठ माणसांचा चहा तिच्याकडं असे. पद संपून भाऊ बोलायला लागले की विहाराच्या मागच्या चुलीवर चहाचं मोठं पातेलं, गंज, उकळू लागे, आणि ती पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून उठे. कान मागं ठेवून दोन-चार वाक्यं पदरात पडत तेवढीच. तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. घरचंच माणूस, कधी पण पुसता येईल, असं म्हणता म्हणता चव्वेचाळीस वर्षं गेली.

यंदा बुद्धजयंती होऊन आठ दिवस झाले असतील. सकाळी तोंड धुताधुता सोमाजीभाऊ भिंतीला टेकत खाली बसले ते बसलेच. लकवा. गडचिरोलीच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. उजवा पाय ओढत का होईना चालू लागले, हातही थोडा उचलायला लागले. वाचा मात्र परतली नाही. 'हो', 'नाई' आणि 'ते', एवढे तीन शब्द उरले.

मग एके दिवशी त्यांची पाठ चोळताना रुखमाबाई सवयीनं एक पद गुणगुणली. दुसऱ्या ओळीला भाऊंनी पद उचललं आणि शेवटपर्यंत म्हटलं. एक अक्षर गळलं नाही. ती साबणाच्या हातांनी अंगणात धावली, "कुलदीप, अरे तुहे बाबा गाऊन राह्यले!" डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की बोलणं आणि गाणं डोक्यात एकाच जागी नसतं, एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहू शकतं.

त्या आनंदात आषाढी पौर्णिमेला ती त्यांना विहारात घेऊन गेली. भाऊंनी पद म्हटलं, पूर्वीच्याच आवाजात. लोकांचे डोळे भरले. कुणीतरी सवयीनं म्हणून गेलं, "आता खुलासा, भाऊ." भाऊंनी तोंड उघडलं. "ते... ते... नाई... ते..." कपाळावर घाम आला. माणसं सतरंजीकडं पाहू लागली. मागं एक पोरगी फिसकन हसली, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. "चला, आशीर्वाद गाथा घेऊ," असं म्हणून घाईघाईनं सगळं आटोपलं.

घरी येईस्तोवर भाऊ रडत होते. रुखमाबाईनं त्या दिवशी मनाशी ठरवलं, पुन्हा न्यायचं नाही. माझ्या माणसाची अशी शोभा नको. कुणी भेटायला आलं की ती दारातूनच सांगे, "झोपले आहेत." दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं, मग कुणी येईनासं झालं.

श्रावण लागला आणि भाऊंनी एक पद धरलं. एकच. सकाळी, जेवताना, दिवे लागताना. रुखमाबाईचं मनगट धरून, तिच्या तोंडाकडं पाहून म्हणायचे:

भरल्या विहिरीले लागली तहान,
कोन तिले पाजते पानी?
दोर तुटका, पोहरा फुटका,
त्याचीच ती दिवानी.

तिनं पाणी आणलं. त्यांनी गडवा बाजूला सारला. "नाई." पुन्हा पद. तिनं साखरेचं पाणी आणलं, ताक आणलं, लिंबू पिळून आणलं. "नाई, नाई!"

कुलदीपचं खुलाशात कधी लक्ष नसायचं. त्यानं आपलं डोकं चालवलं. "आई, विहिरीचंच सांगून राह्यले ते. आपली बालटी गळतेच आहे न! दोर बी झिजला." तो कुरखेड्याला गेला, निळा नायलॉनचा दोर आणि कोरी करकरीत बालटी घेऊन आला आणि मोठ्या कौतुकानं बापापुढं ठेवली. भाऊंनी डाव्या हातानं ती बालटी अशी ढकलली की घरंगळत कोंबड्यांत गेली. मग ताटही सारलं. तीन दिवस झाले, दोन घास पेजेपलीकडं पोटात काही नाही. दवाखान्यातून आणलेलं माणूस डोळ्यांदेखत वाळत होतं, काही मागत होतं, आणि काय मागतंय ते समजत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वंदनेला बसल्यावर रुखमाबाईला हुंदका आला. ह्या पदाचा खुलासा विहारात दहादा झाला होता. तिला आठवत होतं ते एवढंच, "आता पाहा, विहिरीले तहान कायची..." आणि त्यापुढं गंजाचं झाकण.

तिनं पदर सावरला आणि शेजारच्या उर्वशीबाईच्या बांधीवर गेली. रोवणी चालली होती. उर्वशीबाई गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंढी.

"उर्वशीबाई, ते विहिरीचं पद आहे न, त्याचा खुलासा तुले याद आहे का वं?"

उर्वशीबाई कंबर सरळ करून तिच्याकडं पाहतच राहिली. "घरात आख्खा सोमाजीभाऊ ठेवून मले पुसाले आली? आन ते पद मले नाई याद राहीन तं कोनाले राहीन? त्याच्याच पायी दोन म्हैने मी तुह्या अंगणात पाय नवता ठेवला!"

"काऊन?"

"काऊन म्हंजे? भर विहारात मले फुटका पोहरा म्हनलं न तुह्या नवऱ्यानं!"

मग ती पाऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, चिखलाचे पाय पसरून बसली आणि भाऊंसारखाच डावा हात हलवत सांगू लागली. विहिरीले तहान पाण्याची नसते, उपशाची असते. उपसा थांबला का शेवाळ धरते, झिरे बुजतात. तिच्यातलं पाणी तिलेच कुजवते. समजावून सांगणारं माणूस म्हंजे विहीर.

"मंग मी पुसलं, आन फुटका पोहरा कायले लागते? चांगला नाई चालत का? तं म्हने, चांगला पोहरा भरून घेते आन निंघून जाते. फुटका अर्धा वर येते, अर्धा गळते. ते जे टपटप वापस पडते न उर्वशीबाई, तेच विहिरीचं पाणी पिणं. ज्याले एका खेपेत समजत नाई, तो घडीघडी येते, घडीघडी पुसते. त्याच्यानंच सांगणाऱ्याले बी पुन्हा समजते. आन मंग माह्याकडं बोट करून म्हने, हे माहा फुटका पोहरा! सारे हसले. मले राग आला, तं दोन म्हैने गेलीच नाई. मंग समजलं का बाप्पा, हे तं कौतुक होतं."

रुखमाबाई तिच्या शेजारी टेकली. ढगाळ उजेडात बांधीतलं पाणी स्थिर होतं. ती म्हणाली, "मी दार लावून घेतलं वं. समदे आले होते, मीच वापस धाडले."

"तं उघड न आता. रडून का होते?"

घरी येऊन ती थेट भाऊंच्या बाजेपाशी खाली बसली. "म्हना जी."

त्यांनी पद म्हटलं, थकलेल्या आवाजात, अपेक्षा न ठेवता.

"मले एक समजलं नाई," ती म्हणाली. संसारात पहिल्यांदाच म्हणाली. "फुटका पोहरा समजला, उर्वशीनं सांगितला. पन तुटका दोर कायचा? दोर तुटला तं पोहरा आतच जाईन न?"

भाऊ उठून बसले. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आणि हसू दोन्ही आलं. "ते..." म्हणाले, "ते..." आणि डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांत गुंतवून त्यांनी गाठ मारून दाखवली. पुन्हा सोडून दाखवली. पुन्हा मारली.

"गाठ? तुटला का जोडायचा?"

"हो!"

"म्हंजे रुसलं, गेलं, तरी वापस येणारं माणूस?"

"हो, हो, हो!"

त्या दुपारी ते वरण-भात जेवले.

श्रावण पौर्णिमेला तिनं त्यांना पुन्हा विहारात नेलं. चहा तरुण पोरींवर सोपवला आणि बायांत पहिल्या रांगेत बसली. भाऊंनी पद म्हटलं, पण ह्या खेपेला भाऊंना कुणी काही बोलायला लावलं नाही. रुखमाबाईच उठली, हात जोडले. "आज खुलासा आपन करू. चुकला तं ते सांगतीन."

उर्वशीबाईनं सुरुवात केली. शाळेतल्या कोलू गुरुजींनी मध्येच आपली पुस्ती जोडली, "विहीर म्हणजे मन." भाऊ गरजले, "नाई!" विहार हसला. गुरुजी खजील झाले, मग तेही हसले. मागून कुणी म्हणालं विहीर म्हणजे गाव, कुणी म्हणालं आई. भाऊ ऐकत होते, मान हलवत होते, पटलं नाही की तीच ओळ पुन्हा म्हणत होते, हव्या त्या शब्दावर आवाज टाकून. त्या शब्दापाशी माणसं थांबत, पुन्हा विचार करत. एरवी अर्ध्या तासाचा खुलासा त्या दिवशी दोन तास चालला, आणि 'आई' बरोबर की चूक हे ठरलंच नाही. त्यावर भाऊ 'हो'ही म्हणाले नाहीत आणि 'नाई'ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईची वंदना आटोपते न आटोपते तोच कोलू गुरुजी अंगणात उभे. हातात छत्री, चेहऱ्यावर रात्रभराची शंका.

"बाई, भाऊ जागे आहेत का? मले ते मनाचं अजून पटलं नाई. चूक कशी का?"

"या न, बसा," ती म्हणाली, आणि आत वळून मोठ्यानं सांगितलं, "अहो, गुरुजी आले. भांडाले आले."

आतून बाज करकरली. भाऊ उठत होते.