दोन फोन आणि अर्धी गोळी

आमच्या गावात देवीला काही विचारायचं असेल तर माणसं रावजी गुरवांकडे जातात, आणि फोनला काही झालं तर माझ्याकडे येतात. फरक इतकाच, की त्यांच्याकडे हात जोडून येतात आणि माझ्याकडे भांडायला. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या जिथे वळतात त्या फाट्यावर माझं दुकान आहे, 'नम्रता मोबाईल आणि झेरॉक्स'. चार्जर मी विकलेला असतो, त्यामुळे गावातली वीज गेली तरी बोलणी मीच खाते.

रावजीकाका अडुसष्ट वर्षांचे. अंगाने सुकटीसारखे. खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि वर मुलाने पाठवलेला टी-शर्ट, ज्यावर कुठल्याशा धावण्याच्या शर्यतीचं नाव छापलेलं. गेली चाळीस वर्षं सोमजाईचा कौल तेच लावतात. देवीच्या पाषाणावर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, पोरीचं स्थळ पत्करायचं की नाही, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला आहे, सगळं काकांनी देवीला विचारून सांगितलेलं आहे. म्हशी सापडल्या की नाही ते विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, आनंदीकाकींच्या, हृदयाची झडप बदलली. तेव्हापासून काकींना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. रोज रात्रीच्या जेवणाआधी, आठ वाजता. ही गोळी मोठी तऱ्हेवाईक. दर महिन्याला रत्नागिरीला जाऊन रक्त तपासायचं आणि मग डॉक्टर माप सांगणार. कधी एक, कधी अर्धी. कमी पडली तर रक्ताची गाठ होते, जास्त झाली तर आतल्या आत रक्त सुटतं. म्हणजे दोन्हीकडून जिवाशी खेळ.

आईची काळजी दोन्ही मुलांना आहे, आणि ती एकमेकांपेक्षा जास्त आहे हे दाखवायची हौसही आहे. मुलगा सुजय मुंबईला असतो. त्याने गेल्या दिवाळीत बापाला बोलता फोन पाठवला. मुलगी मृणाली अलोऱ्याला दिली आहे. तिने भाऊबीजेला दुसरा फोन आणून दिला, म्हणाली दादाचा फोन काही कामाचा नाही. दोन्ही काळे, दोन्ही एकाच मापाचे. दोघांना कव्हरं मीच घातली आणि तीही काळी, कारण माझ्याकडे तेवढीच उरली होती. ही माझी चूक. आधीच कबूल करून टाकते.

सुजयच्या फोनातली बाई मराठी बोलते, पण अशी की जणू जन्मात कधी मासा खाल्लेला नाही. मृणालीच्या फोनातला बाप्या हिंदी बोलतो. काका त्यांना 'मुंबईवाली' आणि 'अलोरेवाला' म्हणतात. मुंबईवाली एकदा सांगते आणि गप्प बसते, ऐकलंत तर ऐकलंत. अलोरेवाला तुम्ही बोट लावेपर्यंत कोकलत राहतो. मुंबईवालीला तारीख कळते, तिथी कळत नाही. अलोरेवाल्याला संकष्टी कळते, पण आपला चंद्रोदय सांगायच्या ऐवजी तो दिल्लीचा सांगतो. एकीला पाऊस विचारला तर ती छत्री घ्या म्हणते, दुसऱ्याला विचारला तर आज ऊन आहे म्हणतो, आणि बाहेर नुसतं मळभ असतं.

काका त्यांच्याशी बोलतात तेही बघण्यासारखं. दुकानात बसून त्यांनी पहिल्यांदा आठवण लावली तेव्हा मी हसून हसून बेजार झाले होते. फोन दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं, "बाय महाराजा, बारा वाड्यांच्या राखणदारा, आज तुज्या दारात रावजी गुरव उबा हाये, त्येच्या घरधनिणीला..." इतक्यात बाई म्हणाली, "क्षमस्व, मला समजलं नाही." काकांनी कपाळाला हात लावला. गाऱ्हाणं अर्ध्यात तोडलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी शिकवलं, की काका, थोडक्यात सांगा. तर ते थोडक्यात, पण तीनदा सांगायला लागले. कौल तीनदा विचारून पक्का करतात ना, तसं. परिणाम असा की आठ वाजता फोन तीनदा बोलायचा आणि काकींना तीन गोळ्या द्यायच्या की काय या विचाराने काका मला फोन करायचे. तेही मी निस्तरलं.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दोघं रत्नागिरीला तपासणीला गेली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. काकांनी एसटी स्टँडवर बसून चिठ्ठीतलं माप फोनला सांगितलं. संध्याकाळी देवळात आले तर समई पेटवायला कागद हवा होता. माप फोनात गेलेलंच होतं, मग चिठ्ठीचं काय काम? त्यांनी तिची सुरळी केली आणि समई पेटवली.

त्याआधी परतताना त्यांनी मुंबईवाली माझ्या दुकानात टाकली होती, चार्जिंगची पिन बदलायला; महिनाभर ती रात्री आठपर्यंत टिकतच नव्हती. गुरुवारी आणि शुक्रवारी घरी अलोरेवाला एकटाच कोकलला, "एक गोली." काकांनी एक दिली. शनिवारी मुंबईवाली परत गेली आणि आठ वाजता दोन्ही फोन एकदम बोलले. हा म्हणाला एक, ती म्हणाली अर्धी.

रविवारी सकाळी शटर उघडते तोच काका दारात. दोन हातांत दोन फोन.

"नमू, मी कुठल्या फोनाला सांगितलां ता मना आठवत नाय."

"म्हणजे?"

"गेल्या महिन्यात एक होती, त्येच्या आदी अर्धी होती. ह्येतला एक जुना बोलतोय नि एक नवा. कुठचा जुना ता कळत नाय गो."

"चिठ्ठीत काय होतं ते तरी आठवतं का?"

"वाचली तवा आठवत होता. फोनाला सांगितला नि डोक्यातना गेला." त्यांनी दोन्ही फोन माझ्यासमोर ठेवले. "काल पन एकच दिली मी. सवयीने. रातभर तिचा श्वास ऐकत बसलो होतो. तिला काय सांगू नको हां, उगाच घाबरेल."

मला पहिल्यांदा राग आला. चाळीस वर्षं गावाला होकार-नकार सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोची चिठ्ठी समईला लावतो! मग त्यांचा चेहरा पाहिला आणि राग गेला. मीही घाबरले.

दोन्ही फोन उलटेपालटे केले. रोज आठ वाजता, असं दोन्हींत लिहिलेलं. आठवण कधी ठेवली ते कुठेच दिसेना. दवाखान्यात फोन केला. डॉक्टर लग्नाला परगावी गेलेले, त्यांचा फोन बंद, फाईल त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, उद्या सकाळी या. सुजयला फोन लावला.

"माझ्याच फोनचं बरोबर असणार," तो म्हणाला. "बाबा तोच वापरतात. त्यात मराठी आहे."

मृणालीला लावला.

"दादाच्या फोनवर काय विश्वास ठेवतेस नमू? बाबांनी माझ्याच फोनला सांगितलं असणार. माझा वाजत तरी राहतो."

मी विचारलं, "अगं, पण माप किती होतं?"

"ते बाबांना विचार ना."

बाबा माझ्यासमोर बसून मला विचारत होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते असं. शेवटी मी थेट फोनलाच विचारलं, की बाई, आनंदीकाकींना आज किती गोळी द्यायची? ती म्हणाली, औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्याला विचारलं तर त्याने रत्नागिरीतल्या औषधांच्या सहा दुकानांची नावं वाचून दाखवली.

काका उठले. "चल," म्हणाले. "आईला इचारूया."

"काका, गोळीचा कौल?"

"मग काय करू? तू सांग."

 मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागून देवळात गेले. माझा कौलावर किती विश्वास आहे ते मला विचारू नका. त्या दिवशी मी कशावरही ठेवला असता.

काकांनी अंघोळ केली, पाषाण पुसला. उजवीकडची पाकळी मुंबईवालीची, डावीकडची अलोरेवाल्याची. दोन्ही फोन देवीच्या पायांशी ठेवले. गाऱ्हाण्याला "होय महाराजा" म्हणायला चार माणसं लागतात, तिथे मी एकटी.

"बा आई सोमजाई महाराजा," काकांचा आवाज फाटत होता, "तुज्या लेकरांच्या गोळीत घोळ झालाय. अर्धी खरी आसंल तर उजवी दे, एक खरी आसंल तर डावी दे. कोनाचा वाकडा नको व्हायला महाराजा."

"होय महाराजा," मी म्हटलं. रिकाम्या देवळात माझाच आवाज मला कोणाचातरी वाटला.

आम्ही बसलो. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. पाकळ्या हलेनात. काकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. एक भुंगा आला, फिरला, गेला. तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घालताना काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. आणि मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. एकाच क्षणी. एक उजवीकडे, एक डावीकडे.

काका बघत राहिले. "आसां कदी झाला नाय," ते हळूच म्हणाले. "चाळीस वर्सांत कदी झाला नाय गो."

त्याच वेळी आनंदीकाकी नैवेद्याचं ताट घेऊन आत आल्या. दुपारचा नैवेद्य त्याच आणतात. फोन देवीच्या पायांशी, नवरा रडतोय, दुकान सोडून मी तिथे, हे बघून त्या दारातच थांबल्या.

"काय झाला? कोन गेला काय?"

"काय नाय, काय नाय," काका म्हणाले.

मला ते सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, समई, दोन फोन, दवाखाना, कौल.

काकींनी ताट खाली ठेवलं. "गोळी व्हय?" त्या म्हणाल्या. "अर्धी."

"तुला कसा ठावक?" काकांनी विचारलं.

"डॉक्टरानी मनाच सांगितलान. तुमी तवा औषधांच्या रांगेत होतात. रक्त लय पातळ झालाय, आता अर्धीच घ्या म्हनलान. नखाने गोळी मोडून दाखवलान."

"मग मी एक दिली ती घेतलीस कशी?" काकांचा आवाज चढला. भीती ओसरली की माणसाला आधी राग येतो.

"घेतली कुठं? अर्धी मोडून घेतली, अर्धी डबीत टाकली. तीन अर्ध्या हायेत, बगा जाऊन."

"नि बोललीस नाय?"

"मना वाटला तुमाला ठावक हाये. तुमी गोळी ताटाशी ठेवता नि फोनाकडं बगता. सुजय फोन करतो, तो तुमाला इचारतो, आईने गोळी घेतली का. मृणाली पन तुमालाच इचारते. मी बाजूलाच बसलेली असते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. "दोन वर्सं झाली. मना कोन इचारतोय?"

मला लाज वाटली. सकाळपासून मी रत्नागिरीला, मुंबईला, अलोऱ्याला फोन केले, दोन यंत्रांना विचारलं, देवीपुढे होय महाराजा म्हटलं. काकींचं घर माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे. मला एकदाही सुचलं नाही.

  काका उठले, काकींच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले. 

"आनंदी," ते म्हणाले, "तुला आता कसा वाटता गो?"

 प्रश्न नवा असल्यासारखं काकींनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"बरा वाटता," त्या म्हणाल्या. "चढावाला दम लागतो फकस्त. डॉक्टराला सांगितलाय मी. तुमाला सांगायचा ऱ्हाऊन गेला."

आमच्या देवळाला छप्पन्न पायऱ्या आहेत. नैवेद्याचं ताट घेऊन काकी त्या रोज चढतात.