बिनखटक्याचा कॅमेरा

मनी रानात गेली की तिच्या आईचा जीव टांगणीला लागायचा. निसटती दरड, दलदल, साप, ओल्या दगडावरून सटकणारा पाय, अशी काळज्यांची माळच तिच्याकडे होती आणि लेक दारात बूट काढेपर्यंत ती ओढत बसायची. या भीतीशी तिची जुनी ओळख होती. ही येणार आणि दारात बूट काढल्याचा आवाज झाला की निघून जाणार. हल्ली मात्र मनी सुखरूप घरी येते, हात धुते, जेवायला बसते, तरी आईची भीती जात नाही. मुलीला काही होईल, ही भीती वेगळी. मुलीच्या हातून काही झालंय आणि उद्या सकाळी पुन्हा होणार आहे, ही वेगळी.

मनी हे घरातलं नाव. लहानपणापासून तिचं पाऊल वाजत नसे. आई ओट्यापाशी वळली की ही मागे उभी. कधी आली, किती वेळ उभी आहे, पत्ता नाही. एकदा आईच्या हातातलं पातेलं त्यापायी पडलं, तेव्हा वडील म्हणाले, "पोरगी नाही, मांजर पाळलंय आपण." तेच नाव चिकटलं. पाहुणे तासभर बसून जायचे आणि त्यांना दारात चपला घालताना कळायचं की खुर्चीमागे पोर बसली होती. शाळेतल्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, तुमची मुलगी फार गुणी, वर्गात आहे की नाही कळत नाही. आईला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

कॉलेज संपल्यावर मनी चौकातल्या फोटो स्टुडिओत लागली. हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, डोळे मिटू नका, हे दिवसभर म्हणायचं काम. स्टुडिओवाले काका विधुर, तोंडाने फटकळ, पण सुट्टीच्या दिवशी आपला जुना जाडजूड कॅमेरा घेऊन तळ्यावर जायचे आणि मनीला बरोबर न्यायचे. त्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा होता. फोटो काढला की आरसा वर उडून खाली पडायचा आणि खाटकन आवाज व्हायचा. पाखरू मान वळवून बघायचं. बघितलं की काका कॅमेरा मांडीवर ठेवून देत आणि खिशातून शेंगदाणे काढून खात बसत. मनी चरफडायची. घरी येऊन सांगायची, काकांचे अर्धे फोटो शेंगदाण्यांनी खाल्ले. यजमानांनी वळून बघितलं की पाहुण्यांनी घड्याळ बघावं, असं काकांचं म्हणणं होतं. वडिलांना ते इतकं आवडलं की घरी कोणी फार वेळ बसलं की ते मुद्दाम शेंगदाण्यांचा डबा पुढे करायचे.

मग मनीने नवा कॅमेरा घेतला. आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर तिने भिंग काढून आईला आतला भाग दाखवला. "इथे आरसा असायचा. आता आरसाच नाही. म्हणून आवाजही नाही." तिने भिंग परत बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि आई वाट बघत राहिली.

"काढ की," आई म्हणाली.

"काढले."

पडद्यावर आई होती. एका फोटोत तोंड अर्धवट उघडं, दुसऱ्यात नाक पुसताना, तिसऱ्यात नुसती थकलेली. वडील खो खो हसले. आईही हसली, पण तिने नकळत पदर सारखा केला. आपल्याला कोणी बघत होतं आणि आपल्याला कळलं नाही, हे तिला घरच्या घरातसुद्धा बरं वाटलं नव्हतं.

सुरुवातीला मनी डोंगरांचेच फोटो काढायची. पहाटे तिपाई खांद्यावर टाकून जायची आणि धुकं, तळं, कड्यावरचं पहिलं ऊन घेऊन यायची. या कॅमेऱ्याच्या खिडकीत फोटो काढायच्या आधीच तो कसा येणार ते दिसतं, एक चकती फिरवली की पहाट काळोखी होते आणि उलटी फिरवली की उजळते, हे ती आईला हौसेने समजावून सांगायची. एकदा आईला बरोबर नेऊन तिने तिच्या हाताने फोटोही काढायला लावला होता. तो तळ्याचा फोटो अजून बाहेरच्या खोलीत आहे, थोडा वाकडा. त्या दिवसांत मनी आनंदी होती असं आईला वाटतं. पण डोंगरांना कोण विचारतं? प्रदर्शनात लोक त्यांच्यासमोरून बोलत बोलत पुढे जायचे आणि एखाद्या कोल्ह्याच्या पिल्लापाशी थबकायचे. मनी एकदा कडवटपणे म्हणाली, डोंगर कुठे पळून जात नाहीत ना, म्हणून त्यांना कोणी बघत नाही.

तेव्हापासून ती जनावरांकडे वळली. कॅमेऱ्यात आणखी एक करामत होती. पाखरू नुसतं समोर आलं की एक बारीक चौकट आपण होऊन त्याच्या डोळ्यावर जाऊन बसायची. ते उडो, वळो, चौकट डोळा सोडायची नाही. "मी फक्त बसून राहायचं," मनी म्हणायची. बसून राहणं तिला जन्मापासून येत होतं. भिंतींतल्या सगळ्या प्लगांवर बॅटऱ्या चढल्या, कारण हा कॅमेरा बॅटऱ्या नुसत्या पितो. वडील म्हणायचे, एक प्लग मोकळा ठेव गं, मी मेलो तर डॉक्टरला यंत्र लावायला हवा.

एका वसंतात मनीला माशीमार पक्ष्याचं घरटं सापडलं. झुडपाच्या बेचक्यात, वाटीएवढं, आत अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं. तिथे घेतलेल्या एका फोटोला मोठं बक्षीस मिळालं. फांदीवर मादी, चोचीत चतुर धरलेला, आणि डोळा असा लखलखीत की त्यात आभाळ दिसावं. संयोजकांनी त्याला नाव दिलं 'आईचा घास'. प्रदर्शनात बायका त्यासमोर डोळे टिपत होत्या. वडिलांनी लिफ्टवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मनीने स्टुडिओ सोडला. स्टुडिओवाले काका फोटो बघून गेले, काही बोलले नाहीत, आणि मनीने घरी येऊन सांगितलं की म्हातारा जळतो.

पुढच्याच आठवड्यात जेवताना वडिलांनी सहज विचारलं, "काय गं, ती पिल्लं एव्हाना उडून गेली असतील ना?"

"नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर घरटं थंड होतं. भाजी वाढ ना, आई."

दूध संपलंय हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात तिने ते सांगितलं. आईने भाजी वाढली.

त्या रविवारी वडिलांनी हट्ट धरला की त्या दिवशीचे सगळेच फोटो मोठ्या टीव्हीवर बघायचे. मनी कंटाळून एकेक पुढे सरकवत होती. तीच मादी, तीच फांदी. वडील दर फोटोला वा म्हणत होते. आईचं लक्ष चतुराकडे गेलं. त्याचा एक पंख अर्धा तुटलेला होता. पुढच्या फोटोतही अर्धाच. मागे ऊन चढत होतं, घरट्यावरची सावली हळूहळू सरकून निघून गेली होती, फांदीचा रंग बदलला होता, आणि चोचीत तोच, अर्ध्या पंखाचा, आता सुकत चाललेला चतुर. घास कोणाला भरवलाच नव्हता. घरट्यापासून हातभर अंतरावर घास घेऊन ती मादी सकाळभर बसून होती. आणि तो लखलखीत डोळा पिल्लांकडे नव्हताच. तो सरळ टीव्हीतून बाहेर, या तिघांकडे बघत होता.

आईला एकदम आपल्या मोठ्या नणंदबाई आठवल्या. मनी काही दिवसांची असताना त्या भेटायला आल्या आणि आतल्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या. बाळ भुकेने रडत होतं. आईला नणंदेसमोर पाजायची लाज वाटत होती. उठा म्हणायची सोय नव्हती. नणंदबाई मात्र समजूतदारपणे सांगत राहिल्या, "तुझं चालू दे गं. मी काही बोलत नाही. मी आहे असं समजूच नकोस." बाळ रडून रडून निळं पडलं तेव्हा वडिलांनी येऊन बहिणीला चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं. घरात ही गोष्ट पुढे विनोद म्हणून सांगितली जायची, आणि सगळ्यांत जास्त हसायची मनी.

वडील झोपायला गेल्यावर आईने विचारलं. जपून विचारलं, टोचणार नाही अशा बेताने.

"ती घरट्यात का जात नव्हती गं?"

मनीने टीव्ही बंद केला. "पाखरं घाबरट असतात."

"कशाला घाबरली?"

"मला नाही. एकही खटका वाजला नाही, आई. तिला कळलंसुद्धा नाही मी तिथे आहे."

"मग बघत कुणाकडे होती?"

मनी वायरी गुंडाळू लागली आणि म्हणाली, निम्मी पिल्लं अशीतशी मरतातच, सगळी पुस्तकं हेच सांगतात. तुला नसत्या काळज्या करायची सवय आहे आणि आता तुला झाडाझाडावर आत्या दिसायला लागली आहे. आईने ते ऐकून घेतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? वडिलांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तुला पोरीचं कौतुकच करता येत नाही.

तिने स्वतःची समजूतही घातली. एक घरटं गेलं. पोरीला आत कुठेतरी लागलं असणार, म्हणूनच ती चिडते. पुन्हा नाही करणार. असं म्हणत दुसरा वसंत आला.

आज दुपारी मनीने सांगितलं की उद्या पहाटे ती काही लोकांना घेऊन तळ्याकाठी जाते आहे. सगळे असे बिनखटक्याचे कॅमेरे घेतलेले. तळ्याकाठी तिला पुन्हा एक माशीमारचं घरटं सापडलंय, पिल्लं परवाच अंड्यातून बाहेर आली आहेत. 'आईचा घास' कसा टिपायचा ते ती त्यांना शिकवणार. त्या रानाचा वनरक्षक तिला चांगला ओळखतो, त्याने तिच्या शब्दावर परवानगी दिली आहे. पहिल्या घरट्याचं काय झालं ते त्याला कोणी सांगितलेलं नाही.

"जाऊ नकोस," आई म्हणाली. "किंवा जा, पण त्यांना तुझे डोंगर दाखव."

मनी हसली. "डोंगर बघायला कोण येतं?"

"मनी, ती परत तशीच बसून राहील."

"अगं, सगळे गप्प बसणारे आहेत. मी निवडून घेतलेत. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"तेच तर म्हणते मी."

मनीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. फोटो काढायच्या आधी ती समोरच्याकडे बघते तसं, लांबून, शांतपणे, वाट बघत. आईला वाटलं, आता आपल्या डोळ्यावर ती बारीक चौकट येऊन बसेल. "तुला नाही कळायचं," मनी म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. पाऊल वाजलं नाही.

संध्याकाळचं ऊन अजून स्वयंपाकघराच्या फरशीवर आहे. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक चिठ्ठी आहे, मनीच्याच अक्षरातली: मी अंधार पडेपर्यंत आले नाही तर या दादांना फोन कर. खाली वनरक्षकाचा नंबर. कोपरे पिवळे पडलेत. इतक्या वर्षांत आईने तो नंबर कधी लावला नाही. कितीदा हात तिथवर गेला आणि तेवढ्यात दारात बूट काढल्याचा आवाज आला.

लावला तर काय होईल ते तिला माहीत आहे. वनरक्षक सरळ माणूस आहे. तो उद्या गटाला फाटकातूनच परत पाठवेल, कारणही सांगेल, आणि त्या रानाची वाट मनीला पुन्हा उघडणार नाही. ते लोक घरी जाऊन बोलतील. बक्षिसावरही बोट ठेवलं जाईल. स्टुडिओ मनीने कधीच सोडला आहे. आणि हे सगळं कोणी केलं, तर आईने. मनी ते विसरणार नाही. भांडेल तरी बरं, पण ती भांडणारी नाही. ती गप्प होईल, घरात असून नसल्यासारखी, आणि तसं राहणं तिला किती छान जमतं ते आईइतकं कोणाला माहीत?

वनरक्षक फोन उचलल्याबरोबर घाबरून हेच विचारणार की ताई अजून आल्या नाहीत का. त्याला सांगावं लागेल, आली आहे, सुखरूप आहे, आतल्या खोलीत बॅटऱ्या चढवते आहे. काळजी तिची नाही.

आईने चिठ्ठी काढून हातात घेतली. फोन घेऊन गच्चीत जावं, दार लोटून हळू आवाजात बोलावं, असं आधी तिच्या मनात आलं. मग ती बाहेरच्या खोलीत आली, वाकड्या तळ्याच्या फोटोखाली बसली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. ते तिने तसंच राहू दिलं. फोन कानाला लावायच्या आधी तिने घसा खाकरला, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि नंबर लावला.