अनघाताईंची खोली

माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाचं शब्दचित्र लिहावं इतका माझा अधिकार नाही, आणि अनघाताईंना मी ओळखत होतो तेही जेमतेम आठ महिने. तरी लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

परदेशात शिकायला आलो तेव्हा क्लोनडॉकिन नावाच्या उपनगरातल्या एका घरात आम्ही चौघे भाडेकरू होतो. २०२०चा हिवाळा, लॉकडाऊन, माझे वर्ग लॅपटॉपवर. ताई वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होत्या. कसलाही कागद आला की त्या उभ्यानेच वाचायच्या. “बसलं की मन सही करायला तयार होतं,” म्हणायच्या.

घरमालक स्वतःच्या किल्लीने कधीही आत यायचा. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. एका सकाळी ताई आंघोळ करून आल्या, तर हा त्यांच्या खोलीत उभा.

“ऑल ग्रँड, सगळं ठीक आहे, हीटिंग बघतोय. घर माझंच आहे.”

“घर तुमचं. खोलीत राहते मी. आधी विचारायचं.”

त्यांनी भाडेकरूंच्या सरकारी मंडळाकडे तक्रार केली. आठवड्यात मालकाने त्यांना घर सोडायची नोटीस दिली. ताईंनी त्या नोटिशीलाही मंडळाकडे आव्हान दिलं. बाकीचे दोघे म्हणाले, “ताई, कशाला वाढवताय?” मला मात्र कुतूहल होतं. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला इथे असं बोलता येतं? मी ताईंना विचारलंच.

“कायद्यात भाडेकरू म्हटलंय रे. तो कुठून आला ते नाही विचारलेलं.”

त्या सकाळी मालकाला ताईंच्या खोलीत शिरताना मी पाहिलं होतं. ताईंनी साक्ष देशील का विचारल्यावर मी दोन दिवस त्यांना टाळत राहिलो. व्हिसा गेला तर? शेवटी त्यांनीच स्वयंपाकघरात गाठलं. “घाबरतोस? घाबर की. मीही घाबरलेय. फक्त पाहिलंस तेवढं लिही.”

मी शाळेतल्या अर्जासारखं लिहिलं. विषय, महोदय, नम्र विनंती, मालकांना त्रास झाल्यास क्षमस्व, आपला आज्ञाधारक; सगळं इंग्रजीत. ताई वाचता वाचता हसत सुटल्या.

“अरे सोन्या, सुट्टी मागतोयस का? उपकार नाही मागायचे. घडलं ते सांगायचं.”

त्यांनी खोडल्यावर चार ओळी उरल्या. त्यांवर मी सही केली.

सुनावणी फोनवर झाली. मी अडखळलो. “पोराला पढवलंय,” मालक म्हणाला. निकाल लांबला, आणि वसंतात ताईंना दूरच्या स्लायगो गावात नोकरी मिळाली.

“मग आता केस कशाला?” मी बॅग उचलताना विचारलं.

“मी माझ्या मर्जीने जातेय. त्याने काढलं म्हणून नाही. हे कुठेतरी लिहिलेलं राहायला हवं.”

जूनमध्ये त्यांनी निकालाची पानं पाठवली. नोटीस रद्द झाली होती, आणि न विचारता खोलीत शिरणं ही मालकाची चूक ठरली होती. कारणांमध्ये एक वाक्य होतं: घरातल्या दुसऱ्या भाडेकरूचं म्हणणं मंडळाने खरं मानलं आहे.