मामाचा कान, माझं सर्टिफिकेट

जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते दुकानातच साचत राहतात.

जाफराबादला स्टँडच्या मागं आमचं मोटार भरायचं दुकान आहे. जळालेली वाइंडिंग काढून नवीन मी भरते. आयटीआय पास आहे, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलंय. पण दुकान मामाचं. मामाकडं कागद नाही, कान आहे. चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि "बराबर" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक मोटार उचलत नाही!

*

एक काका फ्रेम वाचत उभे राहिले.

"ही कोण पास झाली?"

"मीच, काका."

"वा, हुशार हायेस. मंग मामा कव्हा येऊन राह्यले?"

*

बदनापूरच्या एका पाटलांची मोटार आली. मामानं कान लावला, "बेअरिंग गेली." मी उघडली तर बेअरिंग ठणठणीत. पंख्याच्या झाकणात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, ते घासत होतं.

मला वाटलं, आता मामाची पत गेली! पाटील मात्र गावभर सांगत सुटले, "मामाला मोटारीतली माशी बी ऐकू येते." त्या आठवड्यात गिऱ्हाईक वाढलं. मी कशाला तोंड उघडू? दुकान आमचंच आहे.

*

कापसाच्या एका जिनिंग मिलमधून बोलावणं आलं. गेटवर वॉचमन म्हणाला, "सर्टिफिकेट असंल तरच आत." मी आत गेले, मामा बाहेर बाकड्यावर. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काम उरकून आले तर मामा चहा पीत बसलेला आणि वॉचमनचा बंद पडलेला टेबल फॅन त्याच्यासमोर गरगर फिरून राह्यला.

*

आणि हा किस्सा पिंपळगाव रेणुकाईचा. तिथले आमचे जुने गिऱ्हाईक रावसाहेबदादा, त्यांच्या पोरीचं लग्न दुसऱ्या दिवशी, अंगणात हळद चालू आणि विहिरीवरची मोटार जळाली. मामा पुण्याला लेकीकडं गेल्ता. मोटार मी एकटीनं भरली, टेस्ट केली, विहिरीवर नेऊन जोडली. ही जळाली तर लग्नघर बिनपाण्याचं आणि या भागात माझ्या हाती पुन्हा मोटार कुणी देणार नाही.

मी बटण दाबलं. मोटारीनं वेग धरला, पाणी आलं. तरी दादांचा जीव भांड्यात पडेना.

"मामानं ऐकल्याबिगर म्या मांडवात पाणी नेत न्हाई."

शेवटी मामाला व्हिडिओ कॉल लावला. दादांनी फोन मोटारीपाशी धरला, मंग माझ्याकडं फिरवला. मामा डोळे बारीक करून बघत राहिला.

"बराबर!"

दादांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. बायका घागरी घेऊन धावल्या.

घरी आल्यावर मामाला फोन केला. "आवाज कसा काय वाटला?"

"आवाज कुठं आला गं? रेंज धड नव्हती. तुझं तोंड दिसलं तेवढं."